आउटलाइनमधले मुद्दे हलवायला आठ कमांड पुरे

आउटलाइनचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडणारा माणूस मुद्दे भराभर लिहितो. अडतो तो ते हलवताना. मेनूत प्रमोट, डिमोट, मूव्ह अप, मूव्ह लेफ्ट, रीफाइल, होइस्ट अशी लांबलचक यादी असते. दोन-चार वेळा मजकूर भलतीकडे गेला की तो सगळं सोडून माउसने कापून चिकटवायला लागतो. इथे ती यादी आठ कमांडवर आणली आहे. संमेलनाचा आराखडा असो, शाळेचं वार्षिक नियोजन असो की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा अहवाल, एवढ्या आठांवर काम निभावतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एकाच संगणकावर इंग्रजी, मराठी आणि कन्नड असे तीन कीबोर्ड बसवलेले असणं नेहमीचं आहे. ‘पुस्तकातला शॉर्टकट माझ्याकडे चालत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथून येते. त्यासाठी खाली वेगळा भाग आहे, तो गाळू नका.

नोड, पालक, भावंडं, शाखा

नोड म्हणजे आउटलाइनमधला एक मुद्दा. त्याच्या पोटात जे मुद्दे येतात ते उपमुद्दे, ज्याच्या पोटात येतात तो पालक, आणि एका पालकाखाली एकाच पातळीवर असलेले ते भावंडं. मुद्दा आणि त्याच्या पोटातलं सगळं मिळून शाखा. पुढे ‘मुद्दा हलवा’ आणि ‘शाखा हलवा’ हे दोन्ही शब्दप्रयोग येतील. त्यांत फरक आहे, आणि नव्या माणसाचे निम्मे घोटाळे या फरकातूनच होतात.

उदाहरणासाठी एक फाइल घेऊ. सीमाभागात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत ग्रामीण मराठी साहित्य संमेलनं भरतात. अशा एका संमेलनाचा आराखडा साधारण असा दिसेल:

संमेलन
— परवानग्या
—— ग्रामपंचायत
—— पोलीस ठाणे, ध्वनिक्षेपकासह
—— हेस्कॉम, तात्पुरती वीजजोडणी
— कार्यक्रम
—— ग्रंथदिंडी
—— उद्घाटन
—— परिसंवाद
—— कविसंमेलन
— व्यवस्था
—— मंडप
—— भोजन
—— पाहुण्यांची ने-आण

‘संमेलन’ पहिल्या पातळीवर, ‘परवानग्या’, ‘कार्यक्रम’, ‘व्यवस्था’ दुसऱ्या पातळीवर, बाकी तिसऱ्या. ही चौदा ओळींची फाइल आधी तुमच्या संगणकावर तयार करा. पुढचं सगळं तिच्यावर करून बघता येईल, आणि बिघडली तरी काही नुकसान नाही.

आठ कमांड कोणत्या

नवा मुद्दा. आत ढकलणं, म्हणजे पातळी एकने खाली. बाहेर काढणं, म्हणजे पातळी एकने वर. भावंडांमध्ये वर सरकवणं. भावंडांमध्ये खाली सरकवणं. मिटणं-उघडणं. फक्त एकच शाखा डोळ्यांसमोर ठेवणं. आणि शाखा दुसऱ्या पालकाकडे पाठवणं.

क्रमवारी लावणं, खूण करणं, क्लोन करणं या गोष्टी सोयीच्या आहेत, पण पहिल्या महिन्यात त्यांच्या नादी लागू नका. या आठांतल्याही पहिल्या सहा बोटांत बसल्या की उरलेल्या दोन आपोआप जमतात.

वर्डमध्ये सुरुवात

नवं काही घ्यायच्या आधी वर्डच घ्या. ते जवळपास प्रत्येक कार्यालयात आणि डीटीपीच्या दुकानात असतं, आणि त्याच्या आउटलाइन व्ह्यूकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नसतं. हा भाग विंडोजवरच्या वर्डसाठी आहे.

१. नवी फाइल उघडा आणि कंट्रोल+ऑल्ट+ओ दाबा, किंवा व्ह्यू टॅबमधून आउटलाइन निवडा. परत नेहमीच्या पानावर यायला कंट्रोल+ऑल्ट+पी.

२. वरच्या पट्टीवर पातळी दाखवणारी चौकट असते. तिथे ‘लेव्हल १’ दिसायला हवं. ‘बॉडी टेक्स्ट’ दिसत असेल तर ऑल्ट+शिफ्ट+डावा बाण एकदा दाबा.

३. ‘संमेलन’ लिहून एंटर दाबा. नवी ओळ त्याच पातळीवर येते. टॅब दाबलं की ती एक पातळी आत जाते. ‘परवानग्या’ लिहा.

४. आत ढकलायला टॅब किंवा ऑल्ट+शिफ्ट+उजवा बाण. बाहेर काढायला शिफ्ट+टॅब किंवा ऑल्ट+शिफ्ट+डावा बाण. आम्ही बाणांची सवय लावायला सांगतो, कारण वर आणि खाली सरकवण्यासाठीही तीच दोन बटणं धरून वरचा-खालचा बाण दाबायचा असतो. चारही दिशा एकाच पकडीत येतात.

५. मुद्द्याखाली साधा मजकूर लिहायचा असेल, समजा पोलीस ठाण्याच्या अर्जाला काय जोडायचं ते, तर नव्या ओळीवर कंट्रोल+शिफ्ट+एन दाबा. ती ओळ मुद्दा न राहता मजकूर होते.

६. मिटायला ऑल्ट+शिफ्ट+वजा, उघडायला ऑल्ट+शिफ्ट+अधिक. पण सगळ्यात उपयोगी बटण आहे ऑल्ट+शिफ्ट आणि १ ते ९ मधला आकडा. ऑल्ट+शिफ्ट+२ दाबलं की दुसऱ्या पातळीपर्यंतचेच मुद्दे दिसतात, बाकी सगळं मिटतं. आकडा अक्षरांच्या वरच्या ओळीतला दाबा, उजवीकडच्या संचातला नको. परत सगळं दिसायला ऑल्ट+शिफ्ट+ए.

वर्डमध्ये मुद्दा म्हणजे ‘हेडिंग’ स्टाइल लावलेली ओळ. कुणी दिलेल्या जुन्या फाइलमध्ये शीर्षकं नुसती ठळक आणि मोठी केलेली असतील तर आउटलाइन व्ह्यूमध्ये ती मुद्दे म्हणून दिसणारच नाहीत. सगळी फाइल एकसलग मजकूर दिसेल. अशा फाइलमध्ये प्रत्येक शीर्षकावर कर्सर ठेवून कंट्रोल+ऑल्ट+१, २ किंवा ३ दाबा. त्याने अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पातळीचं हेडिंग लागतं.

हलवण्याआधी मिटा

आता खरा मुद्दा. आराखड्यात ‘कार्यक्रम’ ही शाखा ‘व्यवस्था’च्या खाली न्यायची आहे. सगळं उघडं असताना कर्सर ‘कार्यक्रम’ या ओळीवर ठेवून ऑल्ट+शिफ्ट+खालचा बाण एकदा दाबून बघा. ‘कार्यक्रम’ ही एकटी ओळ ‘ग्रंथदिंडी’च्या खाली सरकते. ग्रंथदिंडी आता हेस्कॉमच्या खालोखाल आली, म्हणजे ‘परवानग्या’ या पालकाच्या पोटात गेली. पडद्यावर बदल एका ओळीचाच दिसतो, म्हणून तो लक्षातही येत नाही, आणि आठवड्याने कुणीतरी विचारतो की ग्रंथदिंडीला कसली परवानगी राहिली आहे.

कारण सोपं आहे. वर्डच्या फाइलमध्ये झाड असं काही साठवलेलं नसतं. एकाखाली एक ओळी असतात आणि प्रत्येक ओळीला पातळीचा आकडा असतो. कोण कुणाच्या पोटात, हे फक्त वरून खाली वाचताना ठरतं. कर्सर एका ओळीत असेल आणि शाखा उघडी असेल तर कमांड त्या एका ओळीलाच लागू होते.

कंट्रोल+झेड दाबून पूर्ववत करा. आता नुसतं ‘कार्यक्रम’ मिटून बघा आणि खाली सरकवा. या वेळी शाखा अख्खी हलते, पण ती ‘व्यवस्था’ या ओळीला ओलांडून तिच्या आणि ‘मंडप’च्या मधे थांबते. कारण ‘व्यवस्था’ उघडी होती. मंडप, भोजन, ने-आण तिघंही ‘कार्यक्रम’च्या पोटात गेली. पुन्हा कंट्रोल+झेड.

म्हणून हातात बसवायची सवय अशी: जो मुद्दा हलवायचा तो ज्या पातळीवर आहे, तेवढ्याच पातळ्या उघड्या ठेवायच्या. ‘कार्यक्रम’ दुसऱ्या पातळीवर आहे, तर ऑल्ट+शिफ्ट+२ दाबा, मग ऑल्ट+शिफ्ट+खालचा बाण, मग ऑल्ट+शिफ्ट+ए. तीनच हालचाली. शाखा अख्खी जाते आणि भावंडालाही अख्खं ओलांडते.

पातळी बदलतानाही हेच. उघड्या शाखेच्या मथळ्यावर ऑल्ट+शिफ्ट+उजवा बाण दाबला तर मथळा आत जातो, उपमुद्दे जागच्या जागी राहतात, आणि पालक व उपमुद्दे एकाच पातळीवर येऊन बसतात. मिटून करा, किंवा मथळ्याच्या डावीकडच्या अधिक चिन्हावर एकदा क्लिक करा. त्याने पोटातल्या सगळ्यासकट शाखा निवडली जाते.

बाहेर काढताना मागची भावंडं कुठे जातात

हा भाग सावकाश वाचा. ‘व्यवस्था’खाली तीन मुद्दे आहेत: मंडप, भोजन, पाहुण्यांची ने-आण. समितीच्या बैठकीत ठरलं की भोजनाची समिती वेगळी करायची. म्हणजे ‘भोजन’ तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर काढायचं. कर्सर त्यावर, ऑल्ट+शिफ्ट+डावा बाण. ‘भोजन’ दुसऱ्या पातळीवर आलं, पण ‘पाहुण्यांची ने-आण’ त्याच्या खाली तिसऱ्या पातळीवर तशीच आहे. वरून खाली वाचलं तर ती आता भोजन समितीच्या पोटात गेली.

वर्ड, लिबरऑफिस रायटर आणि इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधला ऑर्ग-मोड, तिन्हींत असंच होतं, कारण तिन्ही ओळ आणि पातळी एवढंच जाणतात. वर्कफ्लोई आणि लिओ या खास आउटलाइनसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र खरोखरचं झाड साठवलेलं असतं. तिथे ‘भोजन’ बाहेर काढलं की ते ‘व्यवस्था’ या अख्ख्या शाखेच्या नंतर जाऊन बसतं, आणि ‘ने-आण’ व्यवस्थेखालीच राहते. दोन्ही प्रकारची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

दोन्हीकडे चालणारा उपाय एकच: बाहेर काढायचा मुद्दा आधी भावंडांत शेवटी न्या, मग बाहेर काढा. ‘भोजन’ला आधी ऑल्ट+शिफ्ट+खालचा बाण दाबून ने-आणच्या खाली आणा, मग डावा बाण. आता त्याच्या मागे कुणी भावंड नाही, त्यामुळे कुणी चुकीच्या घरी जाणार नाही. एक बटण जास्त दाबावं लागतं, पण सॉफ्टवेअर कोणतंही असलं तरी निकाल तोच.

याच कारणाने पालकाचा स्वतःचा मजकूर उपमुद्द्यांच्या आधी लिहायचा. ‘व्यवस्था’बद्दलची टीप शाखेच्या शेवटी, ने-आणच्या खाली लिहिली तर ओळ-पातळीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ने-आणची टीप होते, आणि पुढे ने-आण हलली की टीपही तिच्यासोबत जाते.

दुसऱ्या पालकाकडे पाठवणं

जवळच न्यायचं असेल तर बाण पुरतात. लांब, दहा-वीस शाखा ओलांडून न्यायचं असेल तर वर्डमध्ये कंट्रोल+एफ दाबून नेव्हिगेशन पेन उघडा आणि त्यातल्या हेडिंगच्या यादीत मुद्दा धरून हव्या जागी सोडा. या यादीतून हलवलेला मुद्दा पोटातला मजकूर बरोबर घेऊनच जातो, त्यामुळे मिटायची काळजी नाही.

असं ओढून न्यायचं नसेल तर मुद्दा मिटा, अधिक चिन्हावर क्लिक करून निवडा, कंट्रोल+एक्स, मग ज्या मुद्द्याच्या आधी टाकायचा त्याच्या ओळीच्या अगदी सुरुवातीला कर्सर नेऊन कंट्रोल+व्ही. ओळीच्या मध्ये कर्सर राहिला तर तो मथळा दुभंगतो. चिकटवलेली शाखा आपली जुनी पातळी घेऊन येते. तिसऱ्या पातळीची शाखा पहिल्या पातळीच्या मथळ्याखाली थेट टाकली तर मधली पातळी रिकामी राहते आणि अनुक्रमणिका विचित्र दिसते. म्हणून चिकटवल्यावर लगेच पातळीची चौकट बघा आणि पूर्ण शाखा निवडून बाणांनी ती नीट करा.

आणखी एक: मिटलेला मुद्दा पुसला की त्याच्या पोटातलं न दिसणारंही सगळं पुसलं जातं. पुसण्याआधी एकदा उघडून बघणं बरं.

तीन कीबोर्ड आणि ऑल्ट+शिफ्ट

विंडोजवर एकाहून जास्त भाषा बसवल्या की डावं ऑल्ट+शिफ्ट हे भाषा बदलण्याचं बटण होतं. वर्डमधली आपली सगळी पकड ऑल्ट+शिफ्टचीच आहे. बाण वेळेवर दाबला तर मुद्दा हलतो. पण ऑल्ट+शिफ्ट धरून ‘वर की खाली’ असा क्षणभर विचार केला आणि बाण न दाबता बोटं उचलली, की मराठीचं कन्नड होतं. पुढची ओळ लिहायला घेतली की पडद्यावर कन्नड अक्षरं येतात आणि नवा माणूस म्हणतो, कमांडने फाइल बिघडवली.

यावर इलाज एकदाच करायचा असतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग टायपिंग, मग ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, डिव्हायसेस, टायपिंग असं जाऊन त्याच ठिकाणी पोचता येतं. तिथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’वर क्लिक करा. छोटी खिडकी उघडते. ‘बिटवीन इनपुट लँग्वेजेस’ ही ओळ निवडून ‘चेंज की सीक्वेन्स’ दाबा आणि दोन्ही रकान्यांत ‘नॉट असाइन्ड’ निवडा. दोन रकाने एवढ्यासाठी की एक भाषा बदलण्याचा आहे आणि दुसरा त्याच भाषेतला कीबोर्ड बदलण्याचा. दुसऱ्याला बहुधा कंट्रोल+शिफ्ट दिलेलं असतं, आणि तेही कंट्रोल+शिफ्ट+एनच्या आड येतं. यानंतर भाषा बदलायला विंडोज बटण+स्पेस वापरा. घरात किंवा कार्यालयात तोच संगणक दुसरं कुणी वापरत असेल तर त्यांना आधी सांगा, नाहीतर त्यांचा कीबोर्ड बिघडल्यासारखा वाटेल.

लिबरऑफिसमध्ये परिच्छेद वर-खाली सरकवायला कंट्रोल+ऑल्ट+वरचा किंवा खालचा बाण आहे. इंटेलचं ग्राफिक्स असलेल्या काही जुन्या संगणकांवर याच बटणांनी पडदा फिरतो. खालचा बाण दाबला की सगळं उलटं दिसतं. घाबरू नका, कंट्रोल+ऑल्ट+वरचा बाण दाबला की सरळ होतं. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथल्या हॉट की बंद करा.

फाइलमध्ये मराठीबरोबर कन्नड मजकूरही ठेवायचा असेल, समजा ‘पोलीस ठाणे’ या मुद्द्याखाली कन्नडमधला अर्ज, तर दोन्ही भाषा युनिकोडमध्येच हव्यात. श्रीलिपीच्या किंवा नुडीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर फॉन्ट बदलला की निरर्थक रोमन अक्षरं होऊन बसतो, आणि नेव्हिगेशन पेनच्या यादीत त्याचा मथळाही तसाच दिसतो. शोधायला गेलात तर सापडत नाही. असा मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, मगच आउटलाइनमध्ये आणा. निर्मला यूआय हा विंडोजबरोबर येणारा फॉन्ट देवनागरी आणि कन्नड दोन्ही दाखवतो, तो लावला की भाषा बदलल्यावर चौकोन दिसत नाहीत.

लिबरऑफिस रायटर वापरत असाल तर

एफ५ दाबा, नेव्हिगेटर उघडतो. त्यात हेडिंगची यादी असते. मुद्दा निवडून वर-खाली हलवायची बटणं एक जोडी, पातळी बदलायची बटणं दुसरी जोडी. नेव्हिगेटरमधून केलेली हालचाल अख्ख्या शाखेची असते, पातळी बदलली तरी उपमुद्दे सोबत बदलतात. फक्त त्या एकाच मथळ्याची पातळी बदलायची असेल तर कंट्रोल धरून बटण दाबा. म्हणजे वर्डच्या उलट: तिथे एकटा मुद्दा हलणं नेहमीचं आणि शाखेसाठी काही करावं लागतं, इथे शाखा हलणं नेहमीचं. नवशिक्यासाठी रायटरची पद्धत जास्त सुरक्षित आहे असं आमचं मत आहे.

क्रमवारी लावताना मराठीची अडचण

अकारविल्हे लावायची कमांड वापरलीत तर निकाल डोळ्यांखालून घाला. अनेक सॉफ्टवेअर अक्षरांच्या युनिकोड क्रमांकानुसार लावतात. त्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्या मधे येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष आणि ज्ञ स्वतंत्र धरले जात नाहीत, ते क आणि ज च्या घरात जातात. सभासदांच्या नावांची यादी छापायला द्यायची असेल तर हे तीन ठिकाणी हाताने दुरुस्त करावं लागतं.

आकड्यांचंही तसंच. मथळ्याआधी १, २, ३ ते १० असे आकडे घातले आणि अक्षरांप्रमाणे लावलं तर १० हा २ च्या आधी येतो. ०१, ०२ असं दोन अंकी लिहा, प्रश्न मिटतो. ऑर्ग-मोडची आकड्यांची क्रमवारी देवनागरी अंक ओळखतच नाही, त्यामुळे तिथे तर हे हवंच.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांसाठी: ऑर्ग-मोड आणि लिओ

इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतले विद्यार्थी इमॅक्सकडे वळतात तेव्हा ऑर्ग-मोडच्या लांबलचक बटणांनी दमतात. आपल्या आठ कमांड तिथे अशा: मिटणं-उघडणं टॅबने, सगळी फाइल शिफ्ट+टॅबने. ऑल्ट+वरचा-खालचा बाण अख्खी शाखा सरकवतो. ऑल्ट+डावा-उजवा मात्र एकट्या मथळ्याची पातळी बदलतो, शाखेसाठी ऑल्ट+शिफ्ट+डावा-उजवा. पातळी बदलताना नेहमी शिफ्टसकटच दाबायची सवय लावा. दुसऱ्या पालकाकडे पाठवायला कंट्रोल+सी, मग कंट्रोल+डब्ल्यू. फक्त एकच शाखा दिसायला कंट्रोल+एक्स, एन, एस, आणि परत सगळं दिसायला कंट्रोल+एक्स, एन, डब्ल्यू.

हे सोपं करायची सोय ऑर्ग-मोडमध्येच आहे, फक्त ती सुरुवातीला बंद असते. ऑल्ट+एक्स दाबून ‘कस्टमाइझ-व्हेरिएबल’ ही कमांड द्या, ‘ऑर्ग-यूज-स्पीड-कमांड्स’ हे नाव टाका, चालू करून जतन करा. ऑर्ग-मोडमध्ये मथळ्याची ओळ ताऱ्यांनी (*) सुरू होते. यानंतर कर्सर त्या ओळीत अगदी पहिल्या ताऱ्यावर असताना एकेक अक्षर कमांडचं काम करतं. एन पुढचा मथळा, पी मागचा. मोठा यू शाखा वर, मोठा डी खाली. मोठा आर शाखा आत, मोठा एल बाहेर. डब्ल्यूने दुसरीकडे पाठवणं, एसने फक्त ही शाखा. प्रश्नचिन्ह दाबलं की सगळी यादी दिसते. कंट्रोल नाही, ऑल्ट नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक अडथळा येतो. लिनक्सवर यंत्रणेचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर सी बटणावर ‘म’ असतो, आणि इमॅक्सला कंट्रोल+सी ऐवजी कंट्रोल+म मिळतं. अशी कमांड नाही, असं ते सांगतं. स्पीड कमांडही चालत नाहीत, ताऱ्याच्या आधी देवनागरी अक्षर उमटतं. म्हणून यंत्रणेचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवा आणि मराठीसाठी इमॅक्सची स्वतःची सोय वापरा: कंट्रोल+उलटी तिरकी रेघ दाबा, पद्धत विचारली की ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ किंवा ‘देवनागरी-आयट्रान्स’ द्या. त्याच बटणाने ती बंद-चालू होते. अक्षरं मराठी येतात आणि कंट्रोल-ऑल्टच्या कमांड जशाच्या तशा राहतात. स्पीड कमांड देताना मात्र ती बंद करावी लागते.

लिओमध्ये बटणं इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवर आहेत: कंट्रोल+यू वर, कंट्रोल+डी खाली, कंट्रोल+एल बाहेर, कंट्रोल+आर आत, कंट्रोल+आय नवा नोड. हलतो तो नेहमी पोटातल्या सगळ्यासकट. सांभाळायचं ते तिथल्या डिमोटला. वर्डमध्ये डिमोट म्हणजे हा मुद्दा आत. लिओमध्ये डिमोट दिलं की या नोडनंतरची सगळी भावंडं त्याच्या पोटात जातात, आणि प्रमोटने पोटातले सगळे बाहेर येऊन त्याची भावंडं होतात. दहा प्रकरणं चुकून एकाच्या पोटात गेली तर हेच झालेलं असतं.

लिओमध्ये क्लोनही करता येतो. वर्कफ्लोईत त्यालाच मिरर म्हणतात. एकच मुद्दा दोन पालकांखाली दिसतो आणि एकीकडे बदललं की दोन्हीकडे बदलतं. ‘ध्वनिक्षेपक’ हा मुद्दा ‘परवानग्या’ आणि ‘व्यवस्था’ दोन्हींत हवा असेल तेव्हा हे कामाचं. नक्कल करून चिकटवलेल्या दोन प्रती मात्र स्वतंत्र असतात. त्यांतली एकच दुरुस्त होते आणि दुसरी जुनी राहते.

मोबाइलवर

वर्कफ्लोईच्या ॲपमध्ये कीबोर्डच्या वर आत-बाहेर करायची बटणं असतात, ठिपक्याला स्पर्श केला की फक्त ती शाखा उघडते. मोबाइलवर मुद्दे लिहा, खुणा करा, पण मोठ्या शाखा बोटाने ओढू नका. उघड्या शाखेच्या मध्येच ती सुटते. संगणकावर ठिपक्यावर क्लिक करून तेच काम करता येतं, टॅब आणि शिफ्ट+टॅबने आत-बाहेर, ऑल्ट+शिफ्ट+वरचा-खालचा बाण सरकवायला. म्हणजे वर्डमध्ये लागलेली सवय इथेही चालते.

छापखान्यात देण्याआधी

वर्डमध्ये मिटलेला मजकूर छपाईत येत नाही, पीडीएफमध्येही नाही. नेहमीच्या पानाच्या व्ह्यूमध्येही हेडिंगच्या डावीकडचा छोटा त्रिकोण दाबून शाखा मिटता येते, आणि चुकून मिटलेली एखादी तशीच राहते. म्हणून फाइल देण्याआधी आउटलाइन व्ह्यूमध्ये ऑल्ट+शिफ्ट+ए, मग कंट्रोल+ऑल्ट+पी, मग कुठल्याही हेडिंगवर उजवं क्लिक करून ‘एक्स्पांड/कोलॅप्स’मधून ‘एक्स्पांड ऑल हेडिंग्ज’ निवडा. मगच पीडीएफ करा आणि पानांची संख्या आधीच्या प्रतीशी ताडून पाहा. पानं अचानक कमी भरली तर कुठली तरी शाखा अजून मिटलेली आहे.